अंधारी खोली आणि फिरती शाल

उमेदीची सगळी वर्षं पदार्थविज्ञान विभागात काढली की माणसाकडे दोन गोष्टी साठतात. एक म्हणजे जुन्या जर्नल्सचे गठ्ठे, आणि दुसरे किस्से. निवृत्त झाल्यावर गठ्ठे मी रद्दीवाल्याला दिले. किस्से तो घेईना! त्यामुळे आमच्या कर्वेनगरच्या घरी कोणी चहाला आलं की गॅलरीत बसून मी तेच वाढते. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर. आमचे हे आता "पुन्हा विभाग का?" म्हणतात आणि कप उचलून आत जातात. जाऊ देत. तुम्ही बसा.

हे सगळं घडलं तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीतलं एक तरी पोरगं हिंजवडीच्या बसची वाट बघत उभं असायचं. आयटीचे दिवस होते. अशा दिवसांत आमचा सिद्धार्थ गायकवाड क्वांटमच्या नादी लागला होता.

सिद्धार्थ आधी माझा विद्यार्थी, मग माझा सहकारी. बोपोडीत वाढलेला, वडील खडकीला कारखान्यात. बुद्धपौर्णिमेला आईच्या हातची खीर डब्यातून आणायचा आणि सगळ्या विभागाला वाटायचा. स्वभावाने गरीब, पण कामात हट्टी. क्वांटम म्हटल्यावर घाबरू नका, त्याचं काम मी सोपं करून सांगते. प्रकाशाचा एकेक कण सुटा करून तो मोजायचा. आणि अशा सुट्या कणांवरून निरोप पाठवायची खटपट करायचा. खुबी अशी, की वाटेत कोणी तो निरोप चोरून वाचला तर लगेच कळतं! एवढं समजलं तरी पुरे. विभागात आम्हालाही याहून फार कळत नव्हतं.

या कामाला अंधार लागतो. व्हरांड्याच्या टोकाला एक बिनखिडक्यांची खोली होती, पूर्वी तिथे फोटो धुवायचे. ती सिद्धार्थला मिळाली. तिला सगळे 'अंधारी खोली' म्हणायचे. आत एका काळ्या पेटीत त्याची लाडकी नळी. प्रकाशाचा एक कण तिच्यावर पडला की जोडलेल्या स्पीकरमधून एक 'टिक्' यायचं. ही नळी परदेशातून, कस्टम्सच्या नाकदुऱ्या काढून आणलेली. भलतीच नाजूक. चालू असताना झाकण उघडं राहिलं आणि खोलीतली ट्यूबलाइट लागली, की संपलं. पुन्हा तशी मिळायची आशा नाही.

*

या नळीच्या जोडणीसाठी एक बारीकसा पार्ट लागत होता. सिद्धार्थ मला म्हणाला, "मॅडम, बुधवार पेठेत जाऊन बघू. तिथे मिळत नाही असं काही नसतं."

आम्ही गेलो. दुकान म्हणजे एका माणसाला उभं राहता येईल एवढं, आणि मालक पेपर वाचत बसलेले. सिद्धार्थने पार्टचं नाव सांगितलं. मालकांनी पेपर खाली केला नाही.

"कशाला पाहिजे?"

खरं तर 'प्रॅक्टिकलला' म्हणून सुटता आलं असतं. पण सिद्धार्थला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "प्रकाशाचा एक कण मोजायचाय."

आता पेपर खाली आला. मालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला बघितलं.

"एकच?"

"हो, एकच."

"सुटा मिळत नाही. पाकीट घ्यावं लागेल!"

आणि पेपर पुन्हा वर गेला. पार्ट शेजारच्या दुकानात मिळाला. तिथे सिद्धार्थ 'प्रॅक्टिकलला' असं म्हणाला, तेही माझ्याकडे बघत बघत.

*

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. आमचे लॅब असिस्टंट सावंत भल्या सकाळी अंघोळ करून यायचे आणि ऑसिलोस्कोपपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ, हळद, कुंकू. सिद्धार्थ स्वतः पूजाअर्चा करणारा नव्हे, पण सावंतांच्या आनंदात कधी आडवा आला नाही. किल्ली देऊन घरी जायचा.

एका वर्षी दसऱ्यानंतर तो अंधाऱ्या खोलीत गेला आणि त्याने लेझर चालू केला. किरण टेबलावरच्या आरशावर जायचा आणि वळून परत यायचा, अशी मांडणी. त्या दिवशी किरण गेला तो परत आलाच नाही! सिद्धार्थने लेझर तपासला, वायरी तपासल्या, सगळी जोडणी खोलून पुन्हा बसवली. दुपारी जेवायलाही बाहेर आला नाही. शेवटी टॉर्च लावून आरशाजवळ तोंड नेलं, तर आरशाच्या बरोब्बर मधोमध कुंकवाचं टपोरं बोट.

सावंत दाराशी उभे. आता बोलणी बसणार म्हणून आम्हीही जमलो होतो. सिद्धार्थ आरसा पुसत म्हणाला, "सावंत, पूजा करा, माझी ना नाही. फक्त आरशाचं कपाळ कुठे असतं ते आधी मला विचारत जा!"

पुढच्या वर्षीपासून सावंत टेबलाच्या पायाला कुंकू लावू लागले.

*

त्या वर्षांत विद्यापीठात एक साथ आली होती. जी खोली रिकामी दिसेल तिथे कॉम्प्युटर! सुतारशाळा गेली, स्टडी रूम गेली, बायकांच्या विश्रांतीची खोलीही गेली. आत एसी, बाहेर पाटी: 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत'. का, तर धुळीने कॉम्प्युटर आजारी पडतात. व्हरांड्यात चपलांचा हा ढीग. पोरं अनवाणी, हात धुऊन, खाली मान घालून आत जायची.

आमचे देवधर सर तेव्हाच निवृत्त झालेले होते, पण रोज विभागात यायचे. विभागप्रमुख कोणीही असो, विभाग देवधर सरांचा. एकदा त्या ढिगापाशी ते थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाराशी रजिस्टर धरून बसलेल्या पोरीला विचारलं, "प्रसाद कितीला आहे?"

ती बिचारी म्हणाली, "कोण प्रसाद, सर? आज आलेला नाही."

"मग आरतीला येतो," म्हणून सर पुढे गेले.

हसलो खरे, पण ती साथ आमच्या दारापर्यंत आलेली होती. कारण आमचे डीन निंबाळकर सर एका दुपारी व्हरांड्याच्या टोकापर्यंत फिरून गेले आणि अंधाऱ्या खोलीच्या दारावर टकटक करून म्हणाले, "ही चांगली आहे की! खिडक्या नाहीत, म्हणजे धूळही नाही."

त्या दिवसापासून सिद्धार्थ डबाही त्या खोलीच्या दाराशी बसून खायला लागला. खोली गेली असती तर नळी कपाटात गेली असती, आणि त्याचं एवढ्या वर्षांचं काम नळीबरोबर. दुसरी अंधारी जागा साऱ्या विद्यापीठात नव्हती.

*

आणि निंबाळकर सरांचं तरी काय चुकत होतं? कॉम्प्युटरच्या कोर्सला पोरं दाराबाहेर रांग लावायची. सिद्धार्थच्या क्वांटमच्या पेपरला एक विद्यार्थी. एकच! प्रफुल्ल वानखेडे, अमरावतीचा. बाकीचा वर्ग जावा शिकायला जायचा.

प्रफुल्लचे फार हाल. एका बाकावर तो, समोर फळ्याशी सिद्धार्थ. जांभई देता येत नाही, डुलकी काढता येत नाही, शेजारच्याचं बघून लिहावं तर शेजारी कोणी नाही. प्रश्न विचारला की, "कोण सांगेल?" असं म्हणून सिद्धार्थ सगळ्या वर्गावरून नजर फिरवायचा. सवय हो, दुसरं काय!

एकदा प्रफुल्ल तापाने फणफणलेला. तरी आला. मी जिन्यात अडवलं. "अरे, झोपायचं ना हॉस्टेलवर!"

तो म्हणाला, "कसं झोपू मॅडम? मी नाही आलो तर पूर्ण वर्गानं बहिष्कार टाकला असं होते ना!"

*

आता देवधर सरांच्या झोपेबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे दर आठवड्याला एक व्याख्यान व्हायचं. देवधर सर पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीत. वक्त्याने 'नमस्कार' म्हटलं की सर झोपायचे आणि टाळ्या वाजल्या की उठायचे. उठल्या उठल्या पहिला प्रश्न त्यांचा, हा रिवाज. आणि व्याख्यान आवडलं तर शेवटी "बरंय" म्हणायचे. मी इतक्या वर्षांत ते "बरंय" फार क्वचित ऐकलं. लोकांना बक्षिसं मिळाली, पण सरांचं "बरंय" मिळालं नाही.

एकदा बाहेरगावचे एक मोठे शास्त्रज्ञ आले. भारदस्त माणूस. तासभर बोलले, घाम पुसला, आभार मानले, टाळ्या झाल्या. देवधर सरांनी डोळे उघडले, खुर्चीत सावरून बसले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "हं. करा आता सुरुवात!"

पाहुण्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही छताकडे बघितलं.

*

आणखी एक रिवाज शालीचा. पाहुण्यांना शाल आणि नारळ द्यायचा. पण दर आठवड्याला नवी शाल कोण आणणार? म्हणून देवधर सरांनी त्यांच्या काळातच एक उत्तम शाल घेऊन ठेवली होती. पाहुण्यांच्या खांद्यावर ती घालायची, फोटो काढायचा, आणि मग पाहुणे म्हणायचे, "ही शाल मी विभागालाच भेट देतो." पाहुण्यांना आधी चहा पिताना तसं हळूच सुचवलेलं असायचं. शाल पुन्हा कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. शहरातल्या निम्म्या विद्वानांच्या खांद्यांना त्या गोळ्यांचा वास लागलेला आहे.

हा रिवाज फक्त एका माणसाला मान्य नव्हता, तो म्हणजे डीन निंबाळकर सर. त्यांना किती का सुचवा, शाल घेऊन गेले की घेऊन गेले! खांद्यावर पडली की दोन्ही हातांनी नीट घडी करायचे आणि मांडीवर ठेवून वर हात ठेवायचे. त्यांच्या घरी म्हणे शालींचं वेगळं कपाट होतं. ते आले की आम्हाला नवी शाल घ्यावी लागायची. देवधर सर म्हणायचे, "निंबाळकरांना बोलवायचं असेल तर उन्हाळ्यात बोलवा. निदान हात तरी आखडता घेतील."

उन्हाळ्यातही त्यांनी घेतलीच.

*

तर अशा निंबाळकर सरांनी सिद्धार्थला बोलावून घेतलं. माणूस सरळ होता, आडून बोलायचा नाही. म्हणाले, "गायकवाड, तुमच्या खोलीत काय चालतं ते मला कळत नाही. एक व्याख्यान द्या, मी स्वतः येतो. पटलं तर खोली तुमची. नाही पटलं तर पुढच्या महिन्यापासून कॉम्प्युटर. गुरुवारी ठेवा, गुरुवारी मी मोकळा असतो."

सिद्धार्थने लगेच हो म्हटलं आणि तयारीला लागला. स्लाइडवर स्लाइड. तेव्हा तो धायरीला राहायचा, गावठाणाला लागून. मला तालमीला घरी बोलावलं. श्रोते म्हणजे मी, त्याची बायको वैशाली आणि शेजारचे पोकळे आजोबा.

वैशाली बँकेत नोकरीला, हिशेबाची पक्की. ती म्हणाली, "अहो, तुम्ही अर्धा वेळ आभारच मानताय. खोली तुम्हाला का हवीय, हे तरी सांगा!"

पोकळे आजोबा मात्र लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी मास्तर, चिठ्ठी कुनी चोरून वाचली, की कळतंय?"

"हो आजोबा. लगेच कळतं."

"कुनी वाचली त्ये बी?"

"कोणी ते नाही कळत. पण वाचली हे नक्की."

आजोबांनी विचार केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग आमच्या घरात नगा आनू. सगळ्यांवर संशय येईल, आन् हाय ती बी शांती जाईल!"

मी रिक्षात बसले तेव्हा सिद्धार्थ काळजीने विचारत होता, "मॅडम, देवधर सर झोपले तर?" मी म्हटलं, "ते झोपणारच. तू डीनसाहेबांना जागं ठेव."

गुरुवारी डीनसाहेब मोकळे का असतात, हा विचार मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

*

गुरुवार म्हणजे लोडशेडिंगचा वार! वीज नाही, म्हणून डीनसाहेबांचं ऑफिस बंद, म्हणून ते मोकळे.

दुपारी सगळे सभागृहात जमले. पंखे बंद, माइक बंद, प्रोजेक्टर बंद. सिद्धार्थच्या सगळ्या स्लाइड्स त्या बंद यंत्रात. रिवाजाप्रमाणे निंबाळकर सरांच्या खांद्यावर नवी कोरी शाल पडली, हातात नारळ आला. त्यांनी शालीची घडी केली, मांडीवर ठेवली, कपाळाचा घाम टिपला आणि म्हणाले, "गायकवाड, आता कसं करायचं? पुन्हा कधीतरी ठेवायचं तर मला वेळ नाही."

सिद्धार्थ पांढराफटक. मला तर रडूच यायचं बाकी होतं. एवढ्यात मधल्या खुर्चीतून आवाज आला. देवधर सर अजून झोपले नव्हते.

"अरे, अंधारात काम करायचा अनुभव साऱ्या पुण्यात तुझ्याइतका कोणाला आहे? चल तुझ्या खोलीत!"

सिद्धार्थच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. लोडशेडिंगला कंटाळून त्याने धायरीच्या घरचा इन्व्हर्टर उचलून अंधाऱ्या खोलीत आणून ठेवला होता, नळी त्याच्यावर चालायची. (वैशाली मला म्हणाली होती, "घरात आम्ही मेणबत्तीवर, आणि तिकडे अंधार मोजायला इन्व्हर्टर!") आम्ही सगळे स्टुलं, खुर्च्या उचलून निघालो.

दार अरुंद, आत मिट्ट काळोख. आत जाणाऱ्या प्रत्येकाने सवयीने दाराजवळचं बटण दाबलं. वीज गेलेली आहे हे माहीत असूनही दाबलं. पुण्यात त्या दिवसांत सगळेच तसं करायचे. मीही दाबलं. निंबाळकर सरांनीही दाबलं. त्यांना मानाने पुढे, काळ्या पेटीला लागूनच खुर्ची दिली. दार लोटलं, फटीला काळं कापड लावलं.

सिद्धार्थने अंधारात सुरुवात केली. आभार नाहीत, काही नाही. म्हणाला, "आत्ता आपण सगळ्यांनी बटण दाबलं. आता वरची ट्यूब चालू आहे की बंद, हे कोणालाच माहीत नाही. वीज येईपर्यंत ती चालूही आहे आणि बंदही आहे, असं म्हणू. क्वांटमची गंमत काहीशी अशीच असते."

"चूक!" देवधर सर गरजले. "ट्यूब काय असायची ती आहेच. तुला माहीत नाही इतकंच. याला क्वांटम म्हणत नाहीत, अज्ञान म्हणतात!"

झालं! सगळे सुरू झाले. एक म्हणे उदाहरण बरोबर आहे, दुसरा म्हणे साफ चूक, प्रफुल्ल म्हणे "सर बरोबरच बोलून राहिले ना," आणि मीही त्यात दोनदा बोलले. त्या खोलीत डॉक्टरेट नसलेला माणूस प्रफुल्लशिवाय कोणी नसेल. पण हात लांब करून बटण वर आहे का खाली, हे एकानेही चाचपून बघितलं नाही!

मग सिद्धार्थ म्हणाला, "आता ऐका." त्याने पेटीचं झाकण काढलं.

टिक्.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक्.

"हा एक कण. प्रकाशाचा याहून छोटा तुकडा होत नाही."

शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता. मी इतकी वर्षं हे शिकवलं, फळ्यावर लिहिलं, पेपरात विचारलं. पण सुटा प्रकाश कानाने ऐकायला मला तिथे बसावं लागलं. अंगावर काटा आला, खरंच सांगते.

टिक्. टिक्.

मग एकदम टिक्-टिक्-टिक्-टिक्-टिक्!

सिद्धार्थ थांबला. "कोणीतरी उजेड केलाय."

"नाही," "नाही बुवा," सगळीकडून आवाज. मोबाइल तर त्याने दाराबाहेर काढून ठेवायला लावले होते. टिकटिक थांबली. तो पुन्हा बोलू लागला. निरोप कसा पाठवायचा, चोरून बघणारा कसा सापडतो. आणि थोड्या वेळाने पुन्हा टिक्-टिक्-टिक्-टिक्!

सिद्धार्थ अगदी अदबीने म्हणाला, "सर, आपल्या घड्याळाला रेडियम आहे का?"

मग निंबाळकर सरांचा आवाज आला, थोडासा कसनुसा. "आहे. का?"

"आपण आत्ता बाही सारून किती वाजले ते बघितलंत."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डीनसाहेब काय बोलतात, इकडे सगळ्यांचे कान. खोली गेली, असंच मला वाटलं.

"आणि त्याआधीही बघितलं होतं," निंबाळकर सर म्हणाले. "तेही कळलं?"

"हो सर. चोरून बघितलं की कळतं."

पट्टा सोडल्याचा बारीकसा आवाज झाला. घड्याळ खिशात गेलं. टिक् पुन्हा हळू झालं, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरं.

"बोला गायकवाड," निंबाळकर सर म्हणाले. "अगदी सावकाश बोला."

त्यानंतर प्रश्न विचारत होते ते एकटे निंबाळकर सरच. हा कण कुठून आला, तो दोघांनी वाटून घेता येतो का, बँकेचा निरोप असा पाठवता येईल का. सिद्धार्थ असा सुटला होता की थांबवायची सोय नव्हती. देवधर सरांच्या खुर्चीतून घोरण्याचा आवाज नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आणि त्या दिवशी, विद्युत मंडळाने कधी नव्हे ते औदार्य दाखवलं. वीज वेळेच्या आधी आली!

बाहेर व्हरांड्यात पोरांनी "लाइट आले!" म्हणून एकच गिल्ला केला. आमच्या डोक्यावर ट्यूबचा स्टार्टर 'टिंग' वाजला. ट्यूब जुनी, लागायच्या आधी लुकलुकणारी. एकदा लुकलुकली. स्पीकरमधून कर्रकन आवाज आला. सिद्धार्थ पलीकडच्या भिंतीपाशी होता, तिथून ओरडला, "नळी!" मी बटणाकडे धावले ती स्टुलाला अडखळले.

ट्यूब दुसऱ्यांदा लुकलुकली, आणि त्या उजेडात मला दिसले ते निंबाळकर सर. उभे राहिलेले, नवी कोरी शाल दोन्ही हातांनी उलगडलेली. त्यांनी ती सबंध शाल पेटीवर टाकली, वरून स्वतः ओणवे झाले आणि ओरडले, "अहो बघताय काय! घालवा तो लाइट! घालवा आधी!"

मी बटण बंद केलं. पुन्हा काळोख.

सिद्धार्थ चाचपडत पुढे आला. शाल हळूच बाजूला केल्याचं जाणवलं. मी आमच्या गणपतीला काहीबाही कबूल करून टाकलं.

टिक्.

आणि बऱ्याच वेळाने, टिक्.

"बरंय," अंधारातून देवधर सर म्हणाले.

झाकण लागलं, दिवा लागला, दार उघडलं. सिद्धार्थ डोळे पुसत होता, ते कोणी बघितलं नाही असं आम्ही दाखवलं. निंबाळकर सर नारळ घेऊन व्हरांड्यातून निघालेही होते. सिद्धार्थच्या लक्षात आलं तेव्हा ते जिन्यापाशी पोचले होते. तो मागे पळाला.

"सर, सर! आपली शाल राहिली!"

निंबाळकर सर वळले. घड्याळ खिशातून काढून मनगटावर बांधलं.

"राहू द्या तिथेच," ते म्हणाले. "खोलीला लागेल."